दुसऱ्यांदा खेळलेला खेळ

एखाद्या ग्रंथाची खरी परीक्षा तो दुसऱ्यांदा वाचतांना होते, हें मत आमच्या वाचकांस नवें नाहीं. पहिल्या वाचनांत 'पुढें काय झालें' ही उत्कंठाच बहुतेक काम करिते, आणि लेखकाचे पुष्कळ दोष तिच्या पदराआड लपून जातात. उत्कंठा शमल्यावर जें उरतें तें त्या कृतीचें स्वतःचें धन. ही कसोटी आपण काव्यास व कादंबरीस नेहमी लावितों; संगणकावरील खेळास ती लावून पाहावी असें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. खेळ म्हणजे वेळ घालविण्याचें साधन, आणि एकदां जिंकला कीं संपला, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि रूढ आहे. ही समजूत कितपत खरी, हें एका जुन्या व प्रसिद्ध खेळाच्या आधारें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो खेळ म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'.

जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणानें तो रचिला, व ब्रॉडरबंड या कंपनीनें १९८९ सालीं ॲपल टू या संगणकाकरितां प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षीं तो आय. बी. एम. पद्धतीच्या संगणकांवर आला, आणि त्या वाटेनें आमच्या इकडे पोंचला. १९९० नंतरच्या दशकांत ज्यांस शाळेंत किंवा एखाद्या खासगी वर्गांत संगणकाचें प्रथम दर्शन घडलें, त्यांपैकीं पुष्कळांस हा पांढऱ्या कपड्यांतील राजपुत्र आठवत असेल. आम्हीं तो प्रथम पाहिला दौंड येथें. तेथील एका संगणकवर्गांत धड्यांपेक्षां या राजपुत्राभोंवतींच मंडळींची गर्दी अधिक असे. खेळाची मुदत ६० मिनिटांची, आणि विजेचा भरंवसा तितकाहि नाहीं. त्यामुळें राजकन्येचा घात वजिराहून अंधारानेंच अधिक वेळां केला. यंदा सुट्टींत शिरूरच्या घरीं, पुतणीस सोबतीला घेऊन, आम्ही तो पुनः आरंभापासून अखेरपर्यंत खेळलों.

कथानक दोन वाक्यांत सांगतां येतें. सुलतान युद्धास गेला असतां वजीर जाफर राजकन्येस कोंडतो, आणि 'एका तासांत मला वर, नाहीं तर मरणास सिद्ध हो' असें तिला बजावतो. तिचा प्रियकर तळघरांत पडलेला असतो. त्यानें निःशस्त्र निघून, वाटेंत तरवार मिळवून, १२ टप्पे ओलांडून वजिरास गांठावयाचें. एवढ्या सामग्रीवर कोणी कादंबरी लिहिली असती तर ती एव्हांना विस्मृतींत गेली असती. हा खेळ गेला नाहीं, याचें एक कारण राजपुत्राची चाल. मेक्नरनें १९८५ सालीं आपल्या भावास धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याची फिल्म घेतली, आणि तिच्यांतील एकेक चित्र उतरून राजपुत्राच्या हालचाली बसविल्या. तरवारीचे हात १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटांतील द्वंद्वावरून घेतले. म्हणून हा राजपुत्र धांवतांना एकदम थांबत नाहीं, त्याचा तोल जातो. कड्यास हात टेंकून तो अंग वर ओढतो तेव्हां त्यास वजन आहे असें वाटतें. अद्भुत कथेंतील नायकास हाडामांसाचा देह असणें ही लहान गोष्ट नव्हे. तो मरूं शकतो हें खरें वाटल्यावांचून त्याच्या जगण्याची काळजी कोण करणार?

आतां पहिल्या डावाविषयीं. निःपक्षपातानें सांगावयाचें तर पहिल्या डावांत हा खेळ अन्यायी आहे. पायाखालची फरशी न सांगतां निसटते, जमिनींतून सुळे वर येतात, पोलादी जबडे मिटतात. मेल्यावर त्या टप्प्याच्या आरंभीं परतावें लागतें, परंतु घड्याळ परतत नाहीं. गेलेलीं मिनिटें गेलींच. अशा स्थितींत नवख्यानें ६० मिनिटांत वजिराला गांठणें जवळजवळ अशक्य. मग ही मुदत घातली तरी कोणासाठीं? आमच्या मतें जो पूर्वीं अनेकदां मेला आहे, त्याच्यासाठीं. इतर कृतींत पुनरावृत्ति ही रसिकाची हौस असते. येथें ती रचनेचें अंगच आहे.

आपल्याकडील मोक्षपटाशीं तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. आजच्या सापशिडीचा तो पूर्वज. त्यांत सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप मांडलेले असत आणि बोधहि मोठा असे. पण सोंगटी चाले ती दानावर. त्यामुळें शंभराव्या डावास पहिल्या डावाचा कांहीं उपयोग नसे. प्रस्तुत खेळांत फांसा नाहीं. तीच फरशी त्याच जागीं निसटते, तोच पहारेकरी त्याच वळणावर उभा असतो. बदलतो तो खेळणारा. सुळ्यांवरून धांवत गेल्यास मरण निश्चित. पाऊल मोजून टाकल्यास त्यांच्यामधूनच सुखरूप जातां येतें. पहिल्या डावांत ही केवळ एक युक्ति वाटते. दुसऱ्या डावांत असें दिसूं लागतें कीं, सगळा खेळ याच ताणावर उभा आहे: घड्याळ म्हणतें धांव, आणि वाट म्हणते थांब.

दौंड जंक्शनाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस हा पालट लवकर उमजेल. मनमाडकडून पुण्यास जाणाऱ्या गाडीचें इंजिन तेथें सोडवून दुसऱ्या टोकास जोडावें लागे; पुढें कॉर्ड लाइन झाल्यावर कित्येक गाड्यांचा हा खोळंबा टळला. डबा तोच, बांक तोच; परंतु पुढें तोंड करून बसलेल्या उतारूचें तोंड आतां मागें झालेलें असे, आणि गांवें येतांना दिसण्याऐवजीं जातांना दिसूं लागत. दुसऱ्यांदा खेळणाराची दृष्टि ही अशी असते. प्रत्येक प्रसंग त्यास मागल्या प्रसंगाशीं जोडलेला दिसतो.

या दृष्टीनें पाहतां खेळाचा प्राण वजिरांत नसून सांवलींत आहे. चौथ्या टप्प्याच्या अखेरीस वाटेंत एक आरसा उभा राहतो. त्यांतून उडी घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि उडी घेतांच राजपुत्राचें प्रतिबिंब सुटें होऊन उलट दिशेस पळून जातें, व त्याचें बळ क्षीण होतें. पांचव्या टप्प्यांत ही सांवली त्याच्या डोळ्यांदेखत औषधाची कुपी पिऊन टाकते. सहाव्यांत ती त्याच्या तोंडावर दार पाडते, व तो खालीं कोसळतो. बाराव्यांत अखेर ती तरवार उपसून समोर उभी राहते. येथवर खेळानें एकच धडा गिरवून घेतलेला असतो: समोर कोणी आला कीं तरवार काढावी. नवखा तेंच करितो. परंतु सांवलीस लागलेला प्रत्येक घाव राजपुत्राच्याच प्राणांतून वजा होतो, आणि ती मेली कीं तोहि मरतो. उपाय एकच, तरवार म्यान करणें. मग दोघे समोरासमोर येऊन एक होतात. आणि पुढें जेथें नुसती पोकळी आहे तेथें पाऊल टाकलें असतां पायाखालीं फरशी प्रकट होत जाते.

मेक्नरच्याच सांगण्यावरून कळतें कीं, शत्रूंचीं निराळीं चित्रें घालण्यास संगणकाच्या स्मृतींत जागा नव्हती; तेव्हां त्यानें राजपुत्राच्याच चित्रावर एक गणिती क्रिया करून ही छायाकृति उत्पन्न केली, व पहारेकरी मागाहून आले. दारिद्र्यांतून इतका अर्थपूर्ण अलंकार क्वचितच निपजला असेल.

आता आमच्या पुतणीविषयीं. चार टप्प्यांनंतर तिनें विचारलें, "काका, वेळ मागें नेतां येत नाहीं का?" प्रश्न स्वाभाविक होता. याच राजपुत्राच्या २००३ सालच्या 'द सँड्स ऑफ टाइम' या अवतारांत जादूच्या वाळूच्या योगानें चुकलेली उडी मागें फिरवून पुनः घेतां येते, आणि त्या खेळाची मोहिनीहि वेगळी आहे. येथें तशी सोय नाहीं असें आम्हीं सांगितलें. ती जिद्दीनें खेळत राहिली. बाराव्या टप्प्यावर मात्र सांवलीस पाहतांच तिनें मोबाइलावर उत्तर शोधलें, तरवार म्यान केली, व एकहि घाव न करितां पलीकडे गेली. "इतकेंच?" असें तिनें म्हटलें, आणि त्या म्हणण्यांत कांहींहि खोटें नव्हतें.

यावर कोणी म्हणेल, उत्तर तर तुम्हांसहि ठाऊक होतें. मग तुम्हांस त्या स्थळीं गहिंवर कां यावा, आणि तिला कां येऊं नये? येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. कळलेलें आणि भोगलेलें यांत अंतर आहे. शिरूर तालुक्यांत आणि भीमाकांठच्या गांवांतून सप्ताहाच्या कीर्तनास जमणाऱ्या मंडळींस हरिश्चंद्राच्या कथेचा शेवट पाठ असतो, तरी तारामतीच्या शोकाच्या वेळीं मांडवांत डोळे पुसले जातात. कारण ती कथा त्यांस नुसती कळलेली नसते. ती त्यांनीं अनेक वर्षें सोसलेली असते. उलट परीक्षेच्या आदल्या रात्रीं मार्गदर्शिकेंतून शोकांतिकेचा सारांश पाठ करणारा विद्यार्थी शेवट जाणतो, परंतु त्याचें कांहींच खर्ची पडलेलें नसतें. दौंडच्या त्या वर्गांत सांवलीवर वार करून जे मेले, त्यांस म्यान केलेल्या तरवारीचें मोल कळलें. ज्यानें वार केलाच नाहीं, त्याच्या लेखीं ती केवळ एक कळ.

दोषांविषयीं मौन धरणें टीकाकारास शोभणार नाहीं. राजकन्या बहुतेक वेळ वाळूच्या घड्याळाकडे पाहत बसते. आठव्या टप्प्यांत एक उंदीर पाठवून दार उघडविणें एवढाच तिचा पराक्रम. पर्शिया ही इतिहासांतील नसून चित्रपटांतील आहे. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटांतहि दुष्ट वजिराचें नांव जाफरच. वस्तुतः जाफर बर्मकी हा बगदादच्या हारून अल् रशीदाचा वजीर. अरबी गोष्टींत तो खलिफाचा रात्रीचा विश्वासू सोबती आहे, आणि इतिहासांत त्याच खलिफानें ८०३ सालीं त्याचा शिरच्छेद करविला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणिलेल्या अरबी गोष्टींवर ज्यांच्या पिढ्या वाढल्या, त्या वाचकांस या सज्जनाची ही दुर्दशा खटकल्यावांचून राहणार नाहीं.

तथापि हे दोष कथेचे आहेत, खेळाचे नव्हत. आणि दुसऱ्या डावांत कथा मागें पडून खेळच पुढें येतो. २०१२ सालीं मेक्नरच्या वडिलांस, ज्यांनीं या खेळाचें संगीत रचिलें होतें, जुन्या तबकड्या सांपडल्या, व हरवलेलें मूळ लिखाण मेक्नरनें सर्वांस खुलें केलें. जाणते लोक आतां तें जुन्या पोथीसारखें वाचतात. सामान्य गृहस्थास इतक्या खोल जाण्याचें कारण नाहीं. घरांतील मुलें हा खेळ खेळूं लागलीं तर वडील मंडळींनीं दोनच पथ्यें पाळावींत: वेळ वायां जातो म्हणून तो मध्येंच बंद करूं नये, आणि बाराव्या टप्प्याचें उत्तर सांगूं नये. आमच्या पुतणीनें परवां तो पुनः आरंभापासून लाविला आहे. या खेपेस मोबाइल तिनें आपण होऊन दुसऱ्या खोलींत ठेविला. ती अद्याप सातव्या टप्प्यावर आहे.