हसू कुणाचे, हसे कुणाचे?

मुंबईतले एक इंग्रजी हॉटेल. रात्रीची वेळ. लस्सीचे ग्लासवर ग्लास रिचवून तर्र झालेले हिंदुस्थानी तरुण-तरुणींचे एक टोळके कल्ला करत आत शिरते. वेटर गोरा आहे, त्याचे नाव जेम्स. एवढे सोपे नाव, पण या मंडळींना ते नीट उच्चारता येत नाही. खरे म्हणजे उच्चारायचेच नाही. ‘तुमच्याकडे सगळ्यात बेचव, सगळ्यात मिळमिळीत काय आहे?’ असे एकजण छाती पुढे काढून विचारतो. मित्रांदेखत बिनमसाल्याचे जेवण संपवून दाखवणे हा त्याच्या मर्दानगीचा प्रश्न आहे. एक बिचारी मुलगी हळूच म्हणते, मला आपली साधी चिकन करी चालेल. बाकीचे तिच्यावर तुटून पडतात. इंग्रजी खायला आलोय, तर इंग्रजीच खायचे! ती म्हणते, असले काही खाल्ले की माझे पोट आठवडाभर साफ होत नाही. त्यावर उत्तर येते, अगं, त्यासाठीच तर येतो आपण. शेवटी टेबलासाठी चोवीस प्लेट चिप्स मागवल्या जातात.

‘गुडनेस ग्रेशस मी’ या बीबीसीच्या हास्यमालिकेतले हे प्रहसन काही मिनिटांचेच आहे. मालिका आधी १९९६ साली रेडिओवर आली आणि जानेवारी १९९८ पासून टीव्हीवर. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया हे तिचे चार मुख्य कलावंत. यांतल्या नीना वाडिया मुंबईत जन्मलेल्या पारशी. आम्ही हे प्रहसन पहिल्यांदा पाहिले तेव्हा पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा हसता हसता थांबलो. त्या थांबण्याचे कारण शोधावे, म्हणून हा लेख.

प्रहसनाची किल्ली उघड आहे. शुक्रवारी रात्री दारू ढोसून ‘इंडियन’ खायला जाणे हा ब्रिटनमधल्या तरुण गोऱ्या गिऱ्हाइकांचा रिवाज होता. सगळ्यात जहाल तिखट मागवायचे, ढीगभर पापड सांगायचे, वेटरच्या बोलण्याची नक्कल करायची, त्याच्या नावाचे वाटोळे करायचे आणि पोटाच्या विनोदांवर खिदळायचे. मालिकेने एवढेच केले की खुर्च्या बदलल्या. गोऱ्याच्या खुर्चीत हिंदुस्थानी बसवला आणि हिंदुस्थान्याच्या हातातला ट्रे गोऱ्याकडे दिला. बाकी सगळे जसेच्या तसे. इंग्रज प्रेक्षकाने आपलाच आवाज परक्या तोंडून ऐकला आणि तो हसला. कारण ओळख पटल्यावर दुसरे काही करणे शक्यच नव्हते.

पण खुर्च्या बदलण्याआधी तो ट्रे कुणाच्या हातात होता, हा प्रश्न आमच्या वाचकांनी विचारला पाहिजे. ब्रिटनमध्ये ‘इंडियन’ म्हणून ओळखली जाणारी हॉटेले बहुसंख्येने चालवली ती बांगलादेशातल्या सिल्हेट भागातून आलेल्या लोकांनी. म्हणजे मुसलमानांनी. यांच्यातले जुने लोक बोटींवर खलाशी होते. लंडनच्या गोदीत उतरले, स्वयंपाकघरांत भांडी घासली आणि पुढे स्वतःची हॉटेले काढली. ज्या वेटरची वर्षानुवर्षे थट्टा झाली त्याचे नाव इंग्रजांच्या लेखी काहीही असो, घरी ते बहुधा अब्दुल, मतीन किंवा रहीम असे असणार. त्याच्या हॉटेलावर पाटी ‘इंडियन’, पासपोर्टवर नोंद आधी पाकिस्तानी आणि मग बांगलादेशी, आणि गल्लीतल्या टोळक्यांच्या तोंडी फक्त शिवी. एका माणसाला इतकी नावे मिळाली. फक्त स्वतःचे नाव तेवढे कुणी नीट घेतले नाही.

या धंद्याची सुरुवातही एका मुसलमानाच्याच नावावर आहे. १७५९ साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहंमद यांनी १८१० साली लंडनमध्ये ‘हिंदुस्थानी कॉफी हाऊस’ काढले. दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे वाजले. मग ते ब्रायटनला गेले आणि तिथे चंपी-मालिशीच्या धंद्यात एवढे नाव कमावले की राजापर्यंत पोहोचले. इंग्रजीत पुस्तक छापणारे पहिले हिंदी लेखकही तेच. ते पुस्तक १७९४ चे. म्हणजे इंग्रजांच्या देशात पहिल्यांदा हुक्का आणि मसाला मांडणारा आणि त्यांच्याच भाषेत पहिल्यांदा आपली कहाणी सांगणारा माणूस एकच. ट्रे आणि लेखणी एकाच हातात होती. नंतर ट्रे राहिला आणि लेखणी दीर्घकाळ दुसऱ्यांकडे गेली.

ती कुणाकडे गेली, हे मालिकेच्या नावातच आहे. १९६० च्या ‘द मिलियनेअरेस’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी पीटर सेलर्स आणि सोफिया लॉरेन यांनी याच नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले होते. चित्रपटात सेलर्सने रंगवलेला डॉक्टर हिंदी मुसलमान आहे, अहमद अल कबीर. बर्नार्ड शॉच्या मूळ नाटकातला डॉक्टर इजिप्तचा होता; तो सिनेमात हिंदी झाला आणि एका इंग्रज नटाने त्याला मान हलवत बोलायला लावले. पुढची कित्येक वर्षे ब्रिटनच्या शाळांतली मुले आमच्या मुलांना त्याच सुरात चिडवत राहिली. सत्तरच्या दशकातल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या मालिकेतला रंगी राम हाही मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने तोंड काळवंडून उभा केला होता. तेव्हा या चौघांनी सेलर्सचेच गाणे उचलून आपल्या मालिकेचे नाव केले, ही नुसती गंमत नव्हती. मालिकेचे आधी ठरलेले नाव तर ‘पीटर सेलर्स इज डेड’ असे होते. नक्कल करणारा गेला, आता मूळ माणूस बोलेल, असे त्यांना म्हणायचे होते.

आता आमचे थांबण्याचे कारण. प्रहसनातला जेम्स गोरा, सुखरूप आहे. टोळके गेल्यावर तो टेबल पुसेल आणि घरी जाईल. वाटेत त्याला कुणी गाठणार नाही. खऱ्या वेटरला ही खात्री नव्हती. ४ मे १९७८ रोजी पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली हा तरुण बांगलादेशी शिलाई कामगार कामावरून घरी जाताना वंशद्वेषातून मारला गेला. ज्या बागेजवळ तो पडला तिला १९९८ साली त्याचे नाव दिले गेले. त्याच साली हे प्रहसन टीव्हीवर आले. एकाच वर्षी एका माणसाचे नाव नीट उच्चारून बागेच्या पाटीवर लिहिले गेले आणि नाव नीट न उच्चारणाऱ्यांचे हसेही झाले. प्रहसन ट्रे बदलते; पण ट्रे धरणाऱ्या हाताचा कंप त्याला बदलता येत नाही. हा आम्ही दोष म्हणून सांगत नाही. प्रहसनाची तेवढी मर्यादा आहे, आणि हसताना ती लक्षात ठेवावी एवढेच. शिवाय मालिकेच्या चार मुख्य कलावंतांत सिल्हेटी कुणी नव्हते. ज्याच्यासाठी दावा मांडला तो अशील न्यायालयाबाहेरच उभा राहिला.

तरीही वकिली चोख झाली, हे मान्य केले पाहिजे. ती का झाली? एक, थट्टा दुबळ्याची नाही. गोरा वेटर मूर्ख दाखवलेला नाही. तो आपले काम नीट करतो. हसे होते ते गिऱ्हाइकाच्या माजाचे. दोन, भाषण नाही. ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे एकही वाक्य त्यात नाही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे, लिहिणारे आतले होते. पडद्यावर चौघे दिसत असले, तरी मागे अनिल गुप्ता, शरत सरदाना, रिचर्ड पिंटो यांच्यासारखे निर्माते-लेखक होते. पात्र होऊन पडद्यावर जाणे आणि संहितेवर आपले नाव असणे यांत फार अंतर आहे.

हे अंतर आम्हांला मराठीत रोज दिसते. ‘फू बाई फू’ (२०१०), ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४), ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८) या कार्यक्रमांनी स्किट हा शब्द वाडीवस्तीपर्यंत पोहोचवला. त्यांतल्या कलावंतांच्या कसबाबद्दल आम्हांला आदरच आहे. आमच्या घरातही रात्री त्यांच्यावर हशा पिकतो. पण मराठी विनोदात, मग तो नाटकातला असो, सिनेमातला की टीव्हीवरचा, मुसलमान आला की तो बहुतेक वेळा ठरलेल्या कपड्यांतच येतो. चौकड्याची लुंगी, डोळ्यांत सुरमा, तोंडात ‘हम जाताय, तुम आताय’. जणू कोकणातल्या, सातारा-कोल्हापूरकडच्या, सोलापूर-लातूरच्या मुसलमानाने मराठीत कधी भांडण केले नाही, कधी लावणी लिहिली नाही. पेशवाईतला सगनभाऊ हा शाहीर जातीने मुसलमान शिकलगार होता आणि मराठी लावणी त्याच्यावाचून पुरी होत नाही, हे सांगायची वेळ आजही येते. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघेही एकमेकांची मनसोक्त उणीदुणी काढतात आणि शेवटी गळाभेट घेतात. तिथे तुर्काला बोलायला पुरेशी जागा होती. सोळाव्या शतकात जे जमले ते पुढे का आखडले?

समजा, आपण आपल्या खुर्च्या बदलून पाहिल्या. एका कचेरीत सगळे शेख, मुजावर, तांबोळी, आणि एकटे जोशी. सकाळी जोशी आले की मुजावर म्हणणार, ‘जोशीसाहेब, तुम्ही मराठी फार छान बोलता हो! शिकलात कुठे? घरीसुद्धा मराठीच का?’ तांबोळीबाई विचारणार, ‘तुमची दिवाळी उद्या नक्की ना? की अमावास्येचं अजून काही ठरायचंय?’ शेख म्हणणार, ‘पुरणपोळीला कधी बोलावताय? बाकी तुमच्यातलं काही माहीत नाही बुवा, पण पुरणपोळी एक नंबर!’ क्रिकेटचा सामना असला की सगळे जोशींच्या चेहऱ्याकडे पाहणार. आणि निवृत्तीच्या दिवशी हार घालताना साहेब गहिवरून म्हणणार, ‘जोशी, तीस वर्षांत तुम्ही आम्हांला कधी हिंदू वाटलाच नाहीत.’ जोशी जेम्ससारखे हसणार. त्या हसण्यावर आमच्यातल्या कित्येकांची नोकरी पार पडली आहे.

हे प्रहसन जोशींच्या विरोधात नाही. खरे जोशी आमचे मित्र आहेत आणि ते यावर सगळ्यांत आधी हसतील. कदाचित दुसऱ्या दिवशी गप्पही होतील. तेवढे झाले तरी प्रहसनाचे काम झाले.

मात्र बदललेल्या खुर्चीत बसण्याची एक किंमत आहे, आणि या मालिकेने ती चुकवली. तिने जेवढे गोऱ्यांना चिमटे काढले, त्याहून अधिक आपल्या लोकांना काढले. आपापल्या मुलांच्या पगारावरून आणि घरांवरून एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या दोन आया, स्वतःला ‘कूपर’ म्हणवून घेणारे कपूर, जगातली प्रत्येक गोष्ट मूळची हिंदुस्थानचीच असे ठासून सांगणारा बाप, ही सगळी पात्रे त्यांनी आपल्याच दिवाणखान्यातून उचलली. आमच्या दिवाणखान्यात काय कमी आहे? मराठी बोलणाऱ्या सुनेच्या उर्दूला नाक मुरडणारी सासू, लग्न जमवताना सातव्या पिढीपर्यंत सय्यदपण खणत जाणारे मामू, आखाती देशात दोन वर्षे राहून आल्यावर गावच्या पाण्याला नावे ठेवणारा भाचा, जमातीच्या प्रत्येक बैठकीत पहिली खुर्ची पकडणारे सदरसाहेब. यांच्यावर आम्ही लिहिले तर ‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर का?’ असा सवाल येतो.

२०१२ साली बीबीसीवर ‘सिटिझन खान’ सुरू झाली. आदिल रे या बर्मिंगहॅमच्या कलावंताने अनिल गुप्ता आणि रिचर्ड पिंटो यांच्याच साथीने ती लिहिली. स्वतःला समाजाचा पुढारी समजणारा मिस्टर खान हा तिचा नायक. बापाची चाहूल लागताच डोके झाकून कुरआन वाचण्याचे नाटक करणारी मुलगी पहिल्या भागात दाखवली होती. त्यावर तक्रारींचा पाऊस पडला. ज्यांना वाईट वाटले त्यांच्या भावनेची आम्ही टिंगल करणार नाही. पवित्र ग्रंथाजवळ विनोद नेताना हात जपून चालवावा, हे आम्हांलाही मान्य आहे. पण त्या प्रसंगात हसे ग्रंथाचे होते की ढोंगाचे? आमच्या मते ढोंगाचे. आणि ढोंगाला दीनाची चादर पांघरून वाचवणे ही दीनची सेवा नव्हे. हा फरक आपण स्वतः केला नाही, तर तो आपल्यासाठी दुसरे करतील, आणि ते जपून करतील याचा भरवसा नाही.

म्हणून शेवटी गोष्ट लेखणीपाशीच येते. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात भरले, तेव्हापासून आपण कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, वैचारिक लेखांचा तर ढीग रचला. दुःख सांगायला आपण शिकलो. विनोदी लेखनाचे पान मात्र अशा अंकांत बहुधा कोरेच राहते. दुःख सांगणाऱ्याला लोक सहानुभूती देतात. हसवणाऱ्याला बरोबरीची जागा द्यावी लागते. नीना वाडिया यांनी पुढे २००७ पासून ‘ईस्टएन्डर्स’मध्ये झैनब मसूद ही मुसलमान स्त्री रंगवली, आणि ती सगळ्या ब्रिटनला शेजारीण म्हणून परिचित झाली. त्या वाटेवरचे एक पाऊल चोवीस प्लेट चिप्सच्या त्या टेबलावरून पडले होते.

आमच्या तरुण लेखकांपैकी कुणी शेख-मुजावरांच्या कचेरीतले ते जोशी लिहून काढले तर आम्हांला हवे आहेत. त्याच कचेरीत सदरसाहेबांसाठीही एक खुर्ची ठेवावी, एवढीच विनंती.