‘थँक्यू’चे प्रतिशब्द आणि कथात्म संवादातील मौन

‘थँक यू’ या इंग्रजी शब्दप्रयोगाला ‘धन्यवाद’, ‘आभार’, ‘आभारी आहे’ असे प्रतिशब्द मराठीत सहज मिळतात. तरीही सातारा-सांगलीकडच्या रोजच्या बोलण्यात ते फारसे रुजलेले दिसत नाहीत. एसटीत जागा देणाऱ्याला किंवा वाट दाखवणाऱ्याला आज ‘थँक्यू’च म्हटले जाते. याची दोन स्पष्टीकरणे नेहमी ऐकू येतात. मराठी माणसाला कृतज्ञता बोलून दाखवता येत नाही, हे एक. गावगाड्यात सगळे आपलेच असल्याने आभारांची गरजच नव्हती, हे दुसरे. दोन्ही अपुरी आहेत. त्यातही दुसऱ्याने ग्रामीण साहित्याच्या समीक्षेला एक सोयीस्कर भाबडेपणा बहाल केला आहे.

प्रतिशब्दांचा विचार त्यांच्या क्रियापदांसह करावा लागतो. धन्यवाद आपण ‘देतो’, आभार ‘मानतो’, उपकार ‘स्मरतो’ किंवा ‘फेडतो’, ऋणात ‘राहतो’. ‘थँक्यू’ मात्र केवळ ‘म्हणतो’. धन्यवादात दुसऱ्याला धन्य म्हणण्याचा, म्हणजे गौरवाचा भाव आहे. ‘आभार’ या शब्दातच भार आहे. उपकार आणि ऋण तर उघडच देण्याघेण्याची भाषा बोलतात. हे सारे शब्द नाते मागे ठेवतात. ‘थँक्यू’ हा तेवढ्यापुरता उच्चार आहे: छोटासा व्यवहार पुरा झाला, दोघेही मोकळे झाले, एवढेच तो सांगतो. म्हणून हे शब्द कोशात शेजारी बसले, तरी वापरात एकमेकांची जागा घेत नाहीत.

बोलीजवळ या प्रसंगासाठी शब्दच नव्हते, असे मात्र नाही. ‘बरं झालं आलास’, ‘लई उपकार झालं’, ‘देव तुझं भलं करो’, ‘उगीच तरास दिला तुम्हास्नी’ ही सारी कृतज्ञतेचीच रूपे आहेत. कोठे घडलेल्या गोष्टीबद्दल समाधान आहे, कोठे आशीर्वाद आहे, कोठे संकोच आहे. कोणाला यांतले काय म्हणायचे, हे वय, नाते आणि जात यांवर ठरत असे. आशीर्वाद वडीलधाऱ्याने द्यायचा. ‘उपकार’ हा शब्द बहुधा खालच्याने वरच्याला उद्देशून वापरायचा.

हा भेद लक्षात घेतला म्हणजे आटपाडी परिसरातून आलेल्या दोन पुस्तकांचे वाचन बदलते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) औंध संस्थानातला तरुण मास्तर धनगरांची पत्रे लिहितो, त्यांच्या अडीअडचणी निस्तरतो. वाडी त्याची परतफेड शब्दांपेक्षा विश्वासाने करते. तेथील अबोलपणाला आपण आत्मीयता म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु मास्तर बाहेरून आलेला, शिकलेला, नोकरदार आहे, हेही विसरता येत नाही. शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये (१९८१) त्याच मुलखातला गावगाडा तराळाच्या मुलाच्या नजरेतून दिसतो. तेथे मौनाचा अर्थ वेगळा होतो. तराळकी हे वतनाचे काम, त्याचा मोबदला बलुत्याचा. आणि बांधलेल्या कामाबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. उलट, जे हक्काचे होते तेही ‘जोहार मायबाप’ म्हणूनच मागावे लागे. एका बाजूला सक्तीचे मौन, दुसऱ्या बाजूला सक्तीची कृतज्ञता, अशी ही रचना होती. त्या मौनाला सरसकट ‘आपलेपणा’ म्हणणे म्हणजे तिच्यावर पांघरूण घालणे होय.

या पार्श्वभूमीवर ‘थँक्यू’चा प्रसार केवळ इंग्रजीचे आक्रमण म्हणून मोडीत काढता येत नाही. मामलेदारापासून हमालापर्यंत कोणालाही तो त्याच स्वरात म्हणता येतो. त्यासाठी समोरच्याची जात विचारावी लागत नाही. साताऱ्यात वाढलेल्या रयत शिक्षण संस्थेने (स्थापना १९१९) ‘कमवा आणि शिका’चा जो मार्ग दाखवला, त्याच्याशी या वृत्तीचे नाते जोडता येईल. कष्ट करून शिकणारा विद्यार्थी उपकाराखाली दबलेला राहत नाही. तो ताठ मानेने कृतज्ञ राहू शकतो. अर्थात, या शब्दाची मर्यादाही उघड आहे. आईने पुढ्यात ताट ठेवल्यावर मुलगा ‘थँक्यू’ म्हणाला, तर तिला ते परकेपणाचे वाटते. समानता देणारा शब्दच अंतरही निर्माण करतो.

आपल्या प्रबंधांच्या ऋणनिर्देशातही हा पेच दिसतो. ‘आभार मानून त्यांना परके करू इच्छित नाही, त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल’ हे वाक्य आपण मार्गदर्शकासाठी लिहितो. ग्रंथालयातील शिपायाचे मात्र ‘मनःपूर्वक आभार’ मानून मोकळे होतो. ऋणात कोणाच्या राहायचे आणि हिशेब कोणाशी मिटवायचा, हे आपणही प्रतिष्ठा पाहूनच ठरवतो.

तेव्हा ग्रामीण कथेतील एखाद्या खेडुताच्या तोंडी ‘धन्यवाद’ आला, तर तो केवळ बोलीचा दोष मानून थांबू नये. लेखकाने तेथील नातेच चुकीचे वाचले आहे काय, हे तपासावे. आणि जेथे कोणीच काही म्हणत नाही, तेथे आधी विचारावे: या पात्राला बोलण्याची गरज वाटली नाही, की त्याला ती मुभाच नव्हती?