शेवटाचा प्रश्न : सत्यजित राय यांची दोन माध्यमांतरे

साहित्यकृतीवर आधारलेल्या चित्रपटाचा विचार करताना आपल्याकडे बहुधा एकच कसोटी लावली जाते, ती म्हणजे मूळ कृतीशी असलेल्या इमानाची. ही कसोटी किती अपुरी आहे हे सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या शेवटांवरून स्पष्ट होते.

रवींद्रनाथ टागोरांच्या 'नष्टनीड' (१९०१) या दीर्घकथेवरून राय यांनी 'चारुलता' (१९६४) निर्माण केला. कथेच्या शेवटी भूपती म्हैसूरला निघतो, चारू सोबत नेण्याची विनवणी करते, तो कचरतो. आणि मग तो 'चल' म्हणतो तेव्हा चारूच नकार देते. म्हणजे निर्णयाचा अखेरचा शब्द स्त्रीचा आहे. चित्रपटात म्हैसूरचा प्रवास नाही, नकारही नाही. परस्परांकडे पुढे केलेले दोन हात स्पर्शापूर्वीच गोठतात आणि पडद्यावर मूळ कथेचे शीर्षक उमटते. शब्दांनी तुटलेला संसार येथे स्थिर चित्रांनी तुटतो. माध्यमाच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे. परंतु चारूच्या नकारातील स्वत्व या प्रतिमेत पुसट होते, हेही मान्य करावयास हवे. चित्रपटाच्या मूळनिष्ठेवर बंगालीत वाद झाला आणि राय यांनी स्वतः त्याला लेखी उत्तर दिले. त्या वादात दोन्ही पक्षांकडे तथ्य होते.

प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी' या कथेचे माध्यमांतर (१९७७) अधिक धाडसी आहे. कथेत १८५६ सालच्या अवधचे राज्य बुडत असताना मिर्झा आणि मीर एका पडक्या मशिदीत बुद्धिबळ खेळत बसतात आणि डावावरून एकमेकांना ठार करतात. राजासाठी ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही, ते लाकडी वजिरासाठी प्राण देतात, हा प्रेमचंदांचा उपरोध. राय त्यांना मरू देत नाहीत. मीरच्या पिस्तुलाची गोळी मिर्झाच्या शालीला चाटून जाते, मने काहीशी ओशाळतात आणि दोघे पुन्हा पट मांडतात. या वेळी इंग्रजी नियमांनी, वजिराच्या जागी राणी ठेवून.

मृत्यूने पात्रांची लाज झाकली जाते, जगण्याने ती उघडी पडते. म्हणून चित्रपटाचा शेवट कथेपेक्षा सौम्य दिसला तरी अधिक बोचरा आहे. एक राजवट गेली आणि दुसरीचे नियम किती सहज अंगवळणी पडले, हे केवळ एका सोंगटीच्या बदलातून कळते. कथेत दुरूनच दिसणाऱ्या वाजिद अली शाहला मात्र राय यांनी कवी आणि संगीतज्ञ म्हणून जी सहानुभूती दिली, तिच्यामुळे प्रेमचंदांच्या विलासी समाजावरील टीकेची धार बोथट झाली आहे. आरंभीच्या निवेदनाचा भारही थोडा जाणवतो.

मूळ संहिता बदलली की नाही, यापेक्षा बदलाने कोणता अर्थ लाभला आणि कोणता गमावला याचा हिशेब समीक्षकाने मांडावयास हवा. 'चारुलता'मध्ये तो हिशेब बरोबरीत सुटतो, 'शतरंज'मध्ये शेवटापुरता तरी चित्रपटाच्या बाजूने झुकतो.