उजेडाचा पक्ष

टॉमस कोलच्या ‘द ऑक्सबो’ (१८३६) या चित्रात डावीकडे वादळी आभाळाखाली मोडकी झाडे आहेत, उजवीकडे कनेटिकट नदीच्या वळणात वसलेली आखीव शेते. वादळ सरते आहे आणि ऊन पडले आहे ते शेतांवर. रानावर माया असलेल्या या चित्रकाराचा उजेडही वसाहतीकडेच झुकतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी निसर्गचित्रात उजेड असा सुरुवातीपासून पक्ष घेत आला.

कोलचा शिष्य फ्रेडरिक चर्च आणि जर्मनीत जन्मलेला आल्बर्ट बीरश्टाट यांनी या उजेडाला भव्य नाट्य दिले. चर्चच्या ‘ट्वायलाइट इन द विल्डरनेस’मध्ये (१८६०) ढग अक्षरशः पेटले आहेत. यादवी युद्ध तोंडावर आले होते, त्यामुळे त्या लालीत अनेक समीक्षकांना देशाची अस्वस्थता दिसते. बीरश्टाटचे ‘द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक’ (१८६३) सुमारे दहा फूट रुंद आहे. १८५९ च्या पश्चिमेकडील प्रवासाचा आधार घेऊन त्याने ते न्यूयॉर्कच्या स्टुडिओत रंगवले. समोर शोशोनी लोकांची वस्ती आहे, पण झोत मागच्या धबधब्यावर पडतो. ज्यांची ही भूमी, ते तिच्या देखाव्याची शोभा वाढवण्यापुरते उरतात. कौशल्य निर्विवाद आहे. पण प्रेक्षकाने कुठे दिपायचे हे चित्रकाराने आधीच ठरवून टाकले आहे.

याच काळात फिट्झ हेन्री लेन आणि मार्टिन जॉन्सन हीड लहान आकारात अधिक खोल जात होते. लेनच्या ‘ब्रेसेस रॉक’मध्ये (१८६४) निश्चल पाणी, खडक आणि किनाऱ्याला लागलेली मोडकी होडी, एवढेच. कुंचल्याची खूण दिसत नाही. हवाच जणू थिजली आहे. हीडच्या ‘अप्रोचिंग थंडर स्टॉर्म’मध्ये (१८५९) पाणी काळेभोर झाले आहे, तरी काठावरचा माणूस कुत्र्यासह निवांत बसला आहे. वीज अजून कोसळलेली नाही आणि म्हणूनच भीती वाटते.

जॉर्ज इनेसने शतकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली. स्वीडनबोर्गच्या अध्यात्मविचाराने भारलेल्या या चित्रकाराच्या ‘द होम ऑफ द हेरॉन’मध्ये (१८९३) झाडांच्या कडा धुक्यात विरघळतात. स्थळ ओळखीचे राहत नाही, मनःस्थिती तेवढी राहते. आधीच्यांनी जपलेला तपशील त्याने सोडून दिला आणि त्या बदल्यात चित्राला अंतर्मुखता मिळाली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर समीक्षक जॉन बाऊर यांनी लेन-हीड यांच्या शैलीसाठी ‘ल्युमिनिझम’ ही संज्ञा रुजवली. विस्मरणात गेलेल्या चित्रांना तिने प्रतिष्ठा दिली, हा मोठा लाभ. पण हे चित्रकार स्वतःला असा संप्रदाय मानत नव्हते, आणि प्रसन्न शांततेच्या या शिक्क्याखाली हीडची धास्ती झाकली जाते. त्याची वादळे लेनच्या बंदरांपासून वेगळी काढून पाहिली, तर या परंपरेतला सर्वांत आधुनिक चित्रकार तोच ठरतो.