‘उल्का’ की ‘अशनी’? : हौशी खगोलाभ्यासकांचा शब्दविवाद

शास्त्रीय छंदाभोवती जमणाऱ्या समूहांत वस्तूंइतकाच शब्दांविषयीही वाद होत असतो. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या (स्थापना १९४४) संस्थांतून मराठीत हौशी आकाशनिरीक्षणाची जी परंपरा रुजली, तिच्यातील असे वाद भाषेच्या अभ्यासकाला उद्बोधक ठरतात.

‘लोणारचे विवर उल्केमुळे झाले’ असे कोणी म्हटले, की जाणकार तत्काळ दुरुस्ती करतो : वातावरणात क्षणभर दिसणारी प्रकाशरेषा ती उल्का, जमिनीवर आदळतो तो अशनी. दुरुस्ती योग्यच आहे. परंतु ‘शब्दाचा मूळ अर्थच तसा आहे’ हे तिचे समर्थन टिकणारे नाही. संस्कृतात ‘उल्का’ म्हणजे जळते कोलीतही, आणि ‘अशनि’ म्हणजे इंद्राचे वज्र, वीज. आकाशातून पडलेला दगड हा अर्थ परिभाषेने त्या शब्दाला दिला. भारतीय शब्दविचारातील यौगिक आणि रूढ हा भेद येथे उपयोगी पडतो. संज्ञा रूढीने सिद्ध होते, व्युत्पत्तीने नव्हे. तिचे मूल्य शेजारच्या संज्ञेपासून असलेल्या तिच्या भेदात असते, हे सोस्यूरचे प्रतिपादनही याच दिशेने जाते.

‘ग्रह’ या शब्दाचा इतिहास हेच दाखवतो. नवग्रहांत रवी आणि चंद्र आहेत, राहू-केतूही आहेत. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. प्लूटो बदलला नाही. संज्ञेची सीमा बदलली. म्हणून पंचांगाच्या संदर्भात रवीला ग्रह म्हणणारा अज्ञानी ठरत नाही. तो वेगळ्या संज्ञाव्यवस्थेत बोलत असतो. सूर्यमालेच्या चर्चेत मात्र तोच प्रयोग चूक ठरतो.

काही वाद अर्थाचे नसतातच. शं. बा. दीक्षितांच्या १८९६ सालच्या इतिहासग्रंथाच्या नावात ‘ज्योतिषशास्त्र’ हा शब्द प्रामुख्याने ग्रहगणिताच्या शास्त्रासाठी निःसंकोचपणे आला आहे. आजचा निरीक्षक तो टाळतो, कारण फलज्योतिषापासून त्याला आपली भूमिका वेगळी ठेवायची असते. ही निवड वैचारिक आहे, आणि ती तशीच मांडली जावी. व्याकरणाचा निवाडा म्हणून नव्हे. याउलट फारसीतून आलेल्या ‘दुर्बीण’ऐवजी ‘दूरदर्शक’च म्हणावे, या आग्रहाने कोणताही भेद राखला जात नाही. त्यातून बोलणाऱ्याची पायरी तेवढी ठरते.

तेव्हा दुरुस्तीची कसोटी एकच : या वाक्यात, या प्रयोजनासाठी, एखादा आवश्यक भेद पुसला जात आहे काय? जात असेल तर दुरुस्ती हे ज्ञानाचे कार्य आहे. नसेल तर तो केवळ अधिकाराचा वापर होय. ‘तारा तुटला’ म्हणणाऱ्या नवागताला पहिल्याच रात्री गप्प केले, तर संज्ञा शुद्ध राहते, पण ती वापरणारा समूह आक्रसतो. ‘प्रतिमा’ आणि ‘प्रतीक’ यांवरून विद्यार्थ्याला अडवणाऱ्या साहित्यसमीक्षेनेही ही कसोटी स्वतःला लावून पाहण्यास हरकत नाही.