बिभा आणि संतमस : एका नामकरणाचा विचार

आंतरराष्ट्रीय खगोल संघाने आपल्या शताब्दीनिमित्त 2019 साली प्रत्येक देशाला एक तारा व त्याचा एक ग्रह नामकरणासाठी दिला. भारताच्या वाट्यास एचडी 86081 हा सूर्यसदृश तारा आला. सेक्स्टन्स तारकासमूहातील हा तारा सुमारे 340 प्रकाशवर्षे दूर असून नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. त्याचा ग्रह गुरूच्या सुमारे दीडपट वस्तुमानाचा असून 2 दिवस 3 तासांत प्रदक्षिणा पुरी करतो. ताऱ्यास ‘बिभा’ आणि ग्रहास ‘संतमस’ ही नावे मिळाली. ग्रहाचे नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचविले होते, हे महाराष्ट्रास भूषणावह होय.

तथापि नावाचा अर्थ ‘मेघाच्छादित’ असा सांगण्यात आला, तो तपासून घेतला पाहिजे. सम् या उपसर्गापुढील तमस् शब्द अकारान्त होतो, हे पाणिनीने 5.4.79 या सूत्रात सांगितले आहे. अमरकोशाप्रमाणे अंधतमस म्हणजे गाढ, अवतमस म्हणजे क्षीण आणि संतमस म्हणजे सर्वत्र पसरलेला अंधार. ‘झाकोळलेला’ हा विशेषणार्थ कोशांत मिळतो. पण तो गौण होय. शिवाय या ग्रहाचा शोध 2006 साली ताऱ्याच्या वर्णपटातील सूक्ष्म हेलकाव्यांवरून लागला. त्या पद्धतीने ग्रहाचे किमान वस्तुमान कळते, ढग कळत नाहीत. म्हणजे सांगितलेल्या अर्थास कोशाचा आधार दुबळा आणि वेधाचा आधार मुळीच नाही.

मग नाव चुकले काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. पृथ्वी-सूर्य अंतराच्या पंचविसाव्या भागाहूनही जवळून फिरणारा असा ग्रह बहुधा आपली एकच बाजू ताऱ्याकडे ठेवतो. दुसऱ्या बाजूस अखंड रात्र. ‘बिभा’ म्हणजे प्रभा. प्रभेच्या इतक्या निकट राहूनही निम्मा अंधारात असलेला तो ‘संतमस’! मुख्यार्थ घेतला तरच ही जोडी सार्थ ठरते.

प्रश्न उरतो लेखनाचा. रोमन लिपीत ऱ्हस्वदीर्घ भेद बुजतो. त्यावरून ‘संतमासा’, ‘संतमसा’ अशी रूपे उद्भवतात. मराठी कानास तर त्यात ‘संत’ ऐकू येतो. मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोली कानांवर पडणाऱ्या किनवट तालुक्यातील इस्लापूरचा विद्यार्थी हे नाव मुख्यतः छापील अक्षरांवरूनच शिकणार. तेथे विग्रह चुकला, तर अर्थच हरवला. म्हणून ‘संतमस’ हेच रूप रूढ व्हावे आणि ग्रहवाचक म्हणून ते पुल्लिंगी चालवावे.

‘बिभा’चे मात्र ‘विभा’ करू नये. ते नाव बिभा चौधुरी (1913–1991) यांचे आहे. देबेन्द्रमोहन बोस यांच्यासह मेसॉन कणांचा मागोवा घेणाऱ्या आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या या विदुषीस हयातीत पुरेशी मान्यता लाभली नाही. शब्दाचे रूप व्युत्पत्तीने ठरवावे. व्यक्तीचे नाव तिच्या स्वतःच्या उच्चाराने.