परतीचे तिकीट आणि ‘वाडा’

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’वर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे एकाच अंगाने लिहिले गेले आहे. वतने गेली, कूळकायदा आला, एकत्र कुटुंब मोडले, वाड्याला तडे गेले. हे वाचन चुकीचे नाही. विद्यापीठीय परीक्षेत त्याला चांगले गुणही मिळतात. पण असे वाचताना आपण वाड्याला दुरूनच पाहत असतो आणि आपण दुरून पाहतो आहोत हे विसरतो. मला या लेखात एक साधा प्रश्न विचारायचा आहे. या नाटकात बाहेरून येतो कोण, आणि नाटककार त्याला किती जागा देतो?

येतो तो सुधीर. धरणगावच्या देशपांड्यांचा मुंबईत नोकरीला असलेला मुलगा. तात्याजी वारले आहेत, अंत्यसंस्कार होऊन गेले आहेत आणि सुधीर बायकोला, अंजलीला, घेऊन उशिरा पोचतो. तेरवीपर्यंत थांबायचे आणि परत जायचे. विदर्भात तेराव्याला ‘तेरवी’ म्हणतात. नाटकाचा सगळा काळ एका मुक्कामाचा काळ आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. ज्या घरात तो वाढला तिथे तो आता दिवस मोजून राहायला आलेला आहे.

१९८५ साली विजया मेहता यांनी ‘कलावैभव’साठी हे नाटक बसवले तेव्हा मुंबईच्या प्रेक्षागृहातले अर्धेअधिक लोक एका अर्थी सुधीरच होते. गावाकडे कुठेतरी घर, घरात थोरला भाऊ, भावाशी जमिनीवरून अर्धवट राहिलेले बोलणे. अशा प्रेक्षकासमोर सुधीरच्या डोळ्यांनी वाडा दाखवणे किती सोपे होते! अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, काळोख, वेळ विचारत राहणारी म्हातारी दादी, हे सगळे ‘अरेरे’ म्हणत पाहता आले असते. मराठी ललित गद्यात ही ‘अरेरे’ची जातकुळी मोठी आहे. नायक एसटीतून उतरतो, वेशीवरचे झाड त्याला लहान वाटते, विहीर बुजलेली दिसते, मग दोन पाने आठवणी आणि शेवटी धुळीत हरवणारी बस. दरवर्षी दिवाळी अंकांत अशा चारदोन बसगाड्या तरी सुटतात.

एलकुंचवार नाटक सुधीरच्या हाती देत नाहीत. नाटकातले सर्वांत खोल प्रसंग आठवून पाहा. वहिनी रात्री घराण्याचे दागिने अंगावर चढवते, तो प्रसंग. शिकायची राहून गेलेली प्रभा आणि तिचा कडवट झालेला शहाणपणा. पायाची जखम घेऊन गड्यासारखा राबणारा चंदू. सिनेमाच्या नादाने उडालेली रंजू. यांतले काहीच सुधीरच्या नजरेतून आपल्यापर्यंत येत नाही. दागिन्यांच्या प्रसंगाला तर तो साक्षीही नाही. वहिनीच्या अंगावर ते सोने आपल्याला दिसते. मुंबईहून आलेल्या दिराला ते कधीच तसे दिसणार नाही. घरातल्या माणसांना पाहुण्यापासून लपवायचे असते तेच नेमके नाटक आपल्याला दाखवते.

आणि पाहुण्याला काय दिसते? खर्च. तेरवी थाटात करायची की साधी, पैसा कुठून आणायचा, विकायचे काय. सुधीरचे म्हणणे हिशेबाला धरून आहे, आपल्याला पटतेही. पण ते पटत असतानाच लक्षात येते की तेराव्या दिवशी पंगत लहान झाली तर गावात मान खाली घालून फिरायचे ते भास्करला. सुधीर तोवर गाडीत बसलेला असेल. नाटकात कोणी हे भाषण करून सांगत नाही. भास्कर काही पुण्यात्मा नाही. त्याची हाव, त्याचा पोकळ ताठा नाटक झाकत नाही. तरी गावात राहण्याची किंमत तो भरतो आहे आणि सुधीर भरत नाही, ही गोष्ट तराजूत राहतेच.

बोलीचेही तसेच. घर वऱ्हाडी बोलते. कोकणस्थ घरातून आलेली अंजली मुंबईची मराठी बोलते आणि त्यामुळे पहिल्या वाक्यालाच परकी ठरते. सुधीरची अडचण अधिक नाजूक आहे. त्याला दोन्ही भाषा येतात, म्हणून दोन्हींत तो थोडा थोडा खोटा पडतो. हे मी अनुभवाने लिहिते आहे. यवतमाळच्या बसस्थानकावर ‘काहून भाऊ, घाटंजीची गाडी गेली काय?’ असे मी विचारले, तेव्हा ते ‘काहून’ मलाच नाटकातले वाटले. वाहकाने मला शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर दिले.

बाहेरून येणाऱ्याला भाषेने शोधलेला शब्द पाहू गेले तर मराठीत पुरुषांसाठी तो नाहीच. बाईसाठी आहे: माहेरवाशीण. ज्या घरात वाढलो तिथे प्रवासी म्हणून परतणे ही आपल्याकडे शतकानुशतके बायकांची गोष्ट होती आणि तिची सगळी रीत ठरलेली होती. किती दिवस राहायचे, निघताना ओटी कोणी भरायची, भावजयीच्या स्वयंपाकघरात किती आत जायचे. त्या रितीत माया होती आणि एक सौदाही होता: तू पाहुणी आहेस, म्हणून तुझा मान, तुझा मान आहे, म्हणून तुझा वाटा नाही. नोकरीसाठी शहरात गेलेल्या पुरुषाला ही रीत कोणी शिकवली नाही. सुधीर येतो पाहुणा म्हणून आणि त्याच वेळी सातबाऱ्यावरचा धनी म्हणूनही. भास्करला त्याच्याशी कसे वागावे कळत नाही, कारण दोन्ही भूमिका एका माणसात बसवायची सवय त्या घराला नाही. ‘वाडा’मधला ताण जमीनदारीच्या ऱ्हासाइतकाच या न ठरलेल्या नात्यातून येतो, असे मला वाटते.

प्रभेचे दुःख या बाजूने पाहिले की आणखी बोचते. ती माहेरवाशीणही नाही. ती गेलीच नाही, मग परतणार कशी? अशा मुलीला जन्माने सहदायाद मानणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून लागू झाली, केंद्राची २००५ मध्ये. योगायोग असा की १९९४ मध्येच चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’साठी ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही सगळी त्रिनाट्यधारा सलग उभी केली.

एलकुंचवारांना पाहुण्याची ही जागा इतकी अचूक कशी सापडली? ९ ऑक्टोबर १९३९ रोजी ते जन्मले ते यवतमाळ जिल्ह्यातल्या पारवा या गावी, तेलुगू ब्राह्मण घरात. ‘-वार’ने संपणारी आडनावे पैनगंगेच्या या अंगाला जागोजाग भेटतात, घरात एक भाषा, ओसरीवर दुसरी, हे इथे नवल नव्हे. शिकण्यासाठी त्यांना घर सोडावे लागले ते वयाच्या चौथ्या वर्षी. पुढे नागपूर, तिथेच इंग्रजीचे अध्यापन. विजया मेहतांनी बसवलेले तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहून ते नाटकाकडे वळले आणि १९६७ मध्ये ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली. हा तपशील सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातले चौथे वर्ष महत्त्वाचे वाटते. चौथ्या वर्षी घराबाहेर पडलेल्या मुलाचे गाव हे सुट्टीचे गाव असते. तो तिथे येतो तेव्हा त्याच्यासाठी काहीतरी खास केलेले असते आणि निघायचा दिवस ठरलेला असतो. धरणगाव म्हणजे पारवा नव्हे, देशपांडे म्हणजे एलकुंचवार नव्हेत. असले समीकरण मांडणारी समीक्षा आळशी असते. पण आपण आहोत तेव्हा घर एक असते आणि आपण नसतो तेव्हा दुसरेच, ही शंका लहानपणीच मनात शिरलेला लेखकच दागिन्यांचा तो प्रसंग सुधीरविना लिहू शकेल, एवढा तर्क मी करते.

म्हणूनच ‘युगान्त’बद्दल माझी तक्रार आहे. पहिल्या नाटकात जे निग्रहाने टाळले ते तिसऱ्यात होऊन बसते. आता येतो तो सुधीरचा मुलगा अभय, परदेशातून. खरे तर तो या गावात वाढलाही नाही. त्याचे परतणे हे वडिलांच्या गावी परतणे आहे. गावात दुष्काळ आहे, वाडा संपला आहे, आणि अभय नि पराग बोलत राहतात. ते बोलणे मोठे आहे, कित्येक ठिकाणी थरारून टाकणारे आहे. पण ट्रॅक्टर, दागिने, जखम, अशा हाताला लागणाऱ्या वस्तूंतून जे नाटक बोलत होते ते आता विचारांतून बोलू लागते. गाव हे सगळ्या जगाच्या अंताची खूण बनते. यावर कोणी म्हणेल, पराग तर मागे राहिलेलाच आहे आणि त्याचा आवाज अभयच्या बरोबरीचा आहे. बरोबरीचा आहे, मान्य. पण तो अभयच्याच भाषेत विचार करताना दिसतो. मला वाटते, जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्याला गाव संपलेले असणे सोयीचेही असते. संपलेल्या गावासाठी काही करावे लागत नाही, नुसते उभे राहून पाहता येते. घाटंजी तालुक्यात सलग तीन वर्षे पाऊस दगा देतो तेव्हाही मृगात कोणीतरी उधारीवर सरकी आणतोच. ‘युगान्त’मध्ये हा माणूस मला शोधूनही सापडला नाही.

तो, किंवा त्याच्यामागे राहिलेली बाई, रंगमंचावर आली ती वेगळ्याच वाटेने. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, मोठा गदारोळ झाला आणि शेवटी उद्घाटन केले कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेत आणि मुले सांभाळणारी बाई. त्या संमेलनाचे राजकारण इथे नको. मला आठवते ते हे की मांडवातल्या आम्हा बहुतेकांच्या खिशात परतीची तिकिटे होती आणि माईकसमोर उभ्या असलेल्या बाईच्या नव्हती. याच वैशालीताईंनी ‘तेरवं’ या नाटकात काम केले आहे. श्याम पेठकरांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी बसवलेले हे नाटक आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवांनी स्वतः केले. दोन नाटकांची रचना म्हणून तुलना मी करणार नाही. पण एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. ‘वाडा’ तेरवीशी येऊन थांबते, कारण तेरवी झाली की पाहुणा निघतो. ‘तेरवं’ची बाई तेरवी आटोपल्यावरही त्याच घरात असते.

यंदा मेमध्ये मी माहेरी गेले ते भावाने बोलावले म्हणून. एके काळी यवतमाळहून निघालेला माणूस ‘शकुंतला’च्या अरुंद रुळांवरून ११३ किलोमीटर रखडत मूर्तिजापूरला पोचायचा, तेव्हा मुंबईची मोठी गाडी मिळायची. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता पुण्याहून रात्री ‘ट्रॅव्हल्स’ निघते. माझ्या शेजारच्या जोडप्याकडे मोठे कॅमेरे होते. टिपेश्वरला वाघ पाहायला निघाले होते. त्यांनी मला विचारले, तुम्ही कुठल्या गेटला? मी म्हटले, माहेरी. ते हसले. नंतर त्यांनी मला वाटेतल्या झाडांची नावे विचारली आणि पानगळ झालेला साग सोडला तर मला दोनच सांगता आली.

घरासमोर उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग होता, नेहमीच्या जागी. भावजयीने कपाटातून वेगळ्या कपबश्या काढल्या. कामाचे बोलणे जेवणानंतर निघाले. हक्कसोडपत्राचा मसुदा भावाने आधीच टाइप करून आणला होता, माझे नाव बरोबर होते, वय एका वर्षाने चुकले होते. गावात सगळ्या बहिणी करून देतात, असे तो म्हणाला, आणि ते खरे आहे. माझ्या पिशवीत ‘वाडा चिरेबंदी’ची जुनी प्रत होती, या लेखासाठी प्रवासात पुन्हा वाचायला घेतलेली. ज्या शेताने मला कॉलेजात पाठवले त्याची नांगरट, फवारणी, बँकेच्या खेपा, आईचे दवाखाने, सगळे गेली बावीस वर्षे त्याने केले. मी दिवाळीला आले. आणि कायद्याने ते शेत माझेही आहे, तेही त्याच्याइतकेच. सुधीरवर मी वर चार परिच्छेद लिहिले आहेत ते या कागदासमोर बसून आल्यानंतर.

मी म्हटले, वय दुरुस्त करून आण, मग पाहू. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, “ताई, ट्रॅव्हल्स किती वाजताची आहे तुझी?”